स्थळावरील ध्वनिमुद्रण : फिरत्या संचाची मांडणी आणि निगा

पौष महिना आला की गोव्यातील अनेक गावांत, वाड्यावाड्यांवर धालोचा मांड जागा होतो. दिवसभराची कामे आटोपून स्त्रिया रात्री मांडावर जमतात, हातांत हात गुंफून दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात आणि गीतांना प्रारंभ होतो. या गीतांपैकी पुष्कळशी कोणत्याही वहीत उतरलेली नाहीत. ती थोरल्या बायकांच्या मुखी आहेत आणि त्यांच्याकडून धाकट्या बायकांकडे केवळ ऐकून आलेली आहेत. एखादी जाणती गायिका निवर्तली म्हणजे तिच्याबरोबर काही गीतेही कायमची जातात. शब्द लिहून घेता येतात. परंतु चाल, लय, ओळ कोठे तोडावी आणि श्वास कोठे घ्यावा याची समज, हे कागदावर पुरतेपणी उतरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणच करावे लागते, आणि तेही गीत जेथे जन्मते व नांदते त्या जागी जाऊन.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज दुर्मीळ राहिलेले नाही. पूर्वी आकाशवाणीच्या किंवा चित्रपटसंस्थेच्या पथकापाशीच असणारी साधने आता शाळा, ग्रामपंचायती, ग्रंथालये व सांस्कृतिक मंडळे यांच्या आवाक्यात आली आहेत. तरीही गावोगावी झालेली अनेक मुद्रणे ऐकण्याजोगी नसतात. यंत्र चांगले असूनही सेल अर्ध्यावर संपतात, केबल घरी राहते, वाऱ्याचा घोंघाट गीतावर मात करतो किंवा मुद्रण कोणाचे व कोठले याची नोंदच नसते. या चुका घडतात त्या बहुतांशी निघण्यापूर्वी, संच बांधताना. म्हणून फिरता संच कसा जुळवावा, त्याची मांडणी कशी करावी आणि तो कसा राखावा, याचा विचार येथे केला आहे.

यंत्र कलावंताच्या दारी

भारतातील ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात १९०२ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी आपली सामग्री कलकत्त्यास आणली आणि गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि ध्वनीच्या जोरावर मेणाच्या तबकडीवर रेषा कोरली जाई. यंत्र कलावंताच्या गावी आले होते खरे. पण कलावंतालाच यंत्राच्या सोयीने बसावे लागत होते.

हा क्रम उलटण्यास पन्नास वर्षे लागली. स्टीफन कुडेल्स्की या मूळ पोलंडच्या अभियंत्याने १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘नाग्रा’ हे हातात नेता येणारे टेपयंत्र तयार केले. पोलिश भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘मुद्रित करील’ असा होतो. पुढे चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणासाठी हे यंत्र जगभर मान्यता पावले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रण सामान्य घरापर्यंत पोहोचले.

या सोयींचा लाभ लोकवाङ्मयाला कसा झाला, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रात आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांपैकी अनेक ओव्या प्रत्यक्ष गायिकांच्या आवाजात मुद्रित झाल्या. घरोघरीची जाती पिठाच्या गिरण्यांमुळे थांबली असली तरी ते आवाज आज ऐकता येतात. कारण कोणीतरी वेळेवर, सज्ज संच घेऊन, त्या ओसरीपर्यंत गेले होते.

संचाचे पाच विभाग

संच मोठा असण्यापेक्षा तो सुटसुटीत व पूर्ण असणे महत्त्वाचे. एका माणसाला खांद्यावर घेऊन दोन-तीन किलोमीटर चालता येईल, एवढेच त्याचे वजन असावे. वस्तूंची विभागणी त्यांच्या कामानुसार केल्यास काय आहे आणि काय राहिले हे तत्काळ कळते. सोयीसाठी पुढील पाच विभाग करावेत.

पहिला विभाग ध्वनी टिपणाऱ्या साधनांचा. यात मुद्रणयंत्र, मायक्रोफोन आणि हेडफोन येतात. यंत्राला बाहेरचे निदान दोन मायक्रोफोन जोडण्याची सोय असावी. मायक्रोफोनचे मुख्यत्वे दोन प्रकार उपयोगी पडतात. डायनॅमिक मायक्रोफोन दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही आणि घुमट, शामेळ, ढोल यांसारख्या जोरकस वाद्यांसमोर तो डगमगत नाही. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक संवेदनशील असून वृद्ध गायिकेचा कापरा, हळू आवाजही बारकाव्यानिशी टिपतो. मात्र त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा यंत्राकडून करावा लागतो, त्यामुळे सेल लवकर संपतात. शिवाय हवेतील दमटपणाने त्यात चरचर येऊ शकते. कोकण-गोव्याच्या हवामानात म्हणून दोन्ही प्रकार जवळ असणे हितावह ठरते. हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा. नाहीतर समोरचा प्रत्यक्ष आवाज आणि यंत्रात जाणारा आवाज यांतील फरक कळत नाही. प्रत्येक मायक्रोफोनसाठी फोमची टोपी आणि उघड्या जागी वापरण्यासाठी केसाळ कापडाचे आवरण हवेच. वाऱ्याची साधी झुळूकही मायक्रोफोनवर आदळली की मुद्रणात धडधड उमटते आणि ती मागाहून समाधानकारकपणे काढता येत नाही.

दुसरा विभाग जोडणीचा. पाच मीटरच्या दोन आणि दहा मीटरची एक केबल सर्वसाधारण कामाला पुरते. याशिवाय एक केबल राखीव ठेवावी. स्थळावर बंद पडणाऱ्या वस्तूंमध्ये केबलचा क्रमांक बराच वरचा असतो. केबल कोपर व तळहात यांभोवती आवळून गुंडाळल्यास आतील तारांना पीळ पडतो व त्या कालांतराने तुटतात. ती सैल वेटोळ्यांत, एक वेटोळे सरळ व पुढचे उलट या रीतीने गुंडाळून कापडी पट्टीने बांधावी. खराब झालेल्या केबलला तेथल्या तेथे गाठ मारावी. गाठीची केबल संचात परत जाणार नाही, असा दंडक असावा.

तिसरा विभाग विजेचा. जेवढे सेल लागतील असे वाटते त्याच्या दुप्पट न्यावेत. भरलेले सेल एका डबीत आणि वापरलेले दुसऱ्या, वेगळ्या रंगाच्या डबीत ठेवावेत. एकाच डबीत दोन्ही मिसळले की रात्रीच्या अंधारात कोणता सेल ताजा हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत. सुटे सेल किल्ल्या वा नाणी यांच्याबरोबर कधीही ठेवू नयेत. दोन टोके धातूने जोडली गेल्यास ते तापून अपघात होऊ शकतो.

चौथा विभाग साठवणीचा, म्हणजे मेमरी कार्डांचा. पूर्वी पाच इंची रिळावरील ६०० फुटांची टेप सेकंदाला साडेसात इंच या गतीने अवघी १६ मिनिटे चाले. गीत रंगात आले असतानाच रीळ बदलण्याची वेळ येई. आता सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट या प्रमाणात, कोणतीही काटछाट न करता, दोन वाहिन्यांवर एक तास मुद्रण केले तर सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर अशा हिशेबाने साठ तासांचे मुद्रण मावते. म्हणून जागा वाचवण्याच्या हेतूने ध्वनी आक्रसून साठवण्याचे आता कारण राहिलेले नाही. तथापि सारे काम एकाच कार्डावर न ठेवता दोन-तीन लहान कार्डे वापरावीत. एक कार्ड बिघडले तर एका रात्रीचे नुकसान होईल, सबंध मोसमाचे होणार नाही.

पाचवा विभाग कागदांचा व किरकोळ वस्तूंचा. नोंदवही, दोन पेन्सिली, संमतिपत्रे, कपाळावर बांधण्याची विजेरी, चिकटपट्टी, लहान कात्री, दोरी, छत्री, कोरडा टॉवेल, मायक्रोफोनचा स्टँड आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या या वस्तू फुटकळ वाटतात. पण ऐनवेळी यांतील एखादी नसली की मोठे काम अडते.

मांडणीचे तत्त्व

या वस्तू पिशवीत कशा ठेवाव्यात? जी वस्तू आधी लागणार ती वर, आणि जी पुन्हा पुन्हा लागणार ती हाताशी, हे साधे तत्त्व पाळावे. यंत्र पिशवीच्या मध्यभागी, त्याची कळ व पातळीचा काटा वरून दिसेल असे बसवावे. हेडफोन व एक मायक्रोफोन केबलसह जोडूनच ठेवावा. म्हणजे पिशवी उघडल्यापासून एका मिनिटात मुद्रण सुरू करता येते. डावीकडील खणात वीज, उजवीकडील खणात केबल, पुढील कप्प्यात वही व कार्डे, अशी जागा एकदा ठरली की ती बदलू नये. स्वयंपाकघरात मिठामोहरीचे डबे ज्या निश्चिंतीने हाताला लागतात, तशीच प्रत्येक वस्तू अंधारातही हाताला लागली पाहिजे. संच अनेकांच्या हाती जात असेल तर हे अधिकच आवश्यक आहे.

प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि झाकणाच्या आतील बाजूस सर्व वस्तूंची क्रमवार यादी चिकटवावी. निघताना, स्थळावरून परतताना आणि कपाटात ठेवताना अशी तीन वेळा यादी वाचावी. या तीनपैकी मधले वाचन सर्वाधिक टाळले जाते आणि वस्तू हरवतात त्याही तेव्हाच. कारण कार्यक्रम संपलेला असतो, दिवे मालवले जात असतात आणि प्रत्येकाला घरी जाण्याची घाई असते.

समजा, सत्तरी तालुक्यातील एखाद्या वाड्यावर पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी गाण्यास तयार झाल्या आहेत. सूनबाईंनी समजूत घातली, शेजारणी साथीला बसल्या, आजींनी डोळे मिटून पहिली ओळ उचलली आणि यंत्राचे सेल संपले. राखीव सेल कोणत्या खणात आहेत हे शोधण्यात दहा मिनिटे गेली. आजी पुन्हा गातील. पण पहिल्या ओळीचा तो ओघ परत येईलच असे नाही. तबियत बरी नसली तर ‘आता पुढल्या खेपेस’ असेही त्या म्हणतील, आणि पुढली खेप येईलच याची खात्री कोणी द्यावी? संचाची शिस्त कोणासाठी, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

आदल्या दिवशी आणि स्थळावर

निघण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण संच जोडून पाच मिनिटांचे मुद्रण करावे आणि ते ऐकून पाहावे. यंत्रातील दिनांक व वेळ बरोबर आहे की नाही ते तपासावे. सेल भरावेत. रिकाम्या कार्डावरील जुने मुद्रण अन्यत्र उतरवून झाल्याची खातरजमा केल्याशिवाय ते पुसू नये.

स्थळावर पोचल्यावर प्रथम यंत्र काढू नये. प्रथम माणसांशी बोलावे. मांड ही पवित्र जागा आहे. तेथे पादत्राणे कोठे काढावयाची, पुरुषांनी कोठे थांबावयाचे, स्टँड कोठे चालेल आणि कोठे चालणार नाही, हे जाणत्या स्त्रियांना विचारूनच ठरवावे. त्यानंतर दोन मिनिटे स्वस्थ उभे राहून केवळ ऐकावे. पंखा, शीतकपाट, जनित्र, दूरवरचा ध्वनिक्षेपक यांचे आवाज आपल्या कानांना सवयीचे असल्याने जाणवत नाहीत. पण मायक्रोफोन ते सोडत नाही. जे बंद करता येईल ते विनंती करून बंद करावे. शीतकपाट बंद केल्यास मोटारीची किल्ली त्यावर ठेवावी, म्हणजे परतताना ते पुन्हा सुरू करण्याचे विस्मरण होत नाही. सर्वांनी भ्रमणध्वनी बंद ठेवावेत.

मायक्रोफोनची जागा हा या कामाचा गाभा होय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोचणाऱ्या ध्वनीचा दाब निम्मा होतो, भोवतीचा गलबला मात्र तेवढाच राहतो. म्हणून यंत्राची पातळी वाढवण्याऐवजी मायक्रोफोन जवळ नेणे केव्हाही श्रेयस्कर. धालोत रांगा मागेपुढे होतात. अशा वेळी मायक्रोफोन एका रांगेसमोर न ठेवता दोन्ही रांगांना सारखा पडेल असा बाजूला, डोक्याच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवावा. घुमट-आरतीत घुमट, शामेळ व कासाळे यांच्या घोषात शब्द बुडतात. तेथे एक मायक्रोफोन गायकांजवळ आणि दुसरा वाद्यांपासून काही अंतरावर ठेवून दोन वाहिन्यांवर वेगवेगळे मुद्रण करावे. जात्यावरच्या ओवीत जात्याची घरघर वगळण्याचा मोह होतो. पण त्या घरघरीवरच ओवीची लय उभी असते. एक मायक्रोफोन गायिकेच्या मुखाशी आणि दुसरा जात्याकडे ठेवल्यास दोन्ही मिळते व पुढे त्यांचे प्रमाण ठरवता येते. केबल माणसांच्या वाटेतून नेऊ नये; न्यावीच लागली तर ती जमिनीला चिकटपट्टीने घट्ट बसवावी.

डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही वरची सीमा असते. ती ओलांडली की आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही. गायिकेला एक ओळ मोठ्याने म्हणावयास सांगून सर्वांत चढा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावावी. गाणे रंगले की आवाज चढतोच, हे गृहीत धरावे. मुद्रणाच्या प्रारंभी दिनांक, गाव, वाडा, गीतप्रकार व गाणाऱ्यांची नावे स्पष्टपणे उच्चारावीत. कागद हरवला तरी ही ओळख ध्वनीबरोबर राहते. दोन गीतांच्या मध्ये यंत्र बंद करू नये. गीत कोणाकडून शिकले, केव्हा गातात, अमुक शब्दाचा अर्थ काय, हे सांगणे बहुधा याच फुरसतीत होते. शेवटी सर्वांना स्तब्ध राहण्याची विनंती करून त्या जागेचा एक मिनिटभर नुसता परिसरध्वनी मुद्रित करावा. संपादन करताना जोड लपवण्यास तो कामी येतो.

पौषातील रात्री दव पडते आणि पावसाळ्यात तर हवाच ओली असते. थंड मोटारीतून एकदम दमट हवेत काढलेल्या यंत्रावर पाणी धरते; त्यासाठी पिशवी काही वेळ बंदच ठेवून मग उघडावी. याच दमटपणाने घुमटाचे कातडेही सैलावते. पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवले जाणारे हे वाद्य, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या प्राण्यास संरक्षण मिळाल्यामुळे, आता बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झालेल्या या घुमटाचा नाद बदलत्या कातड्याबरोबर कसा बदलला, हे अभ्यासण्यासाठीही काळजीपूर्वक केलेली मुद्रणेच लागतील.

परतल्यावर

घरी परतल्यावर काम संपत नाही. त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्डावरील मुद्रण उतरवून घ्यावे. त्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या निदान दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. प्रत्येक प्रत उघडून ऐकल्याखेरीज मूळ कार्ड पुसू नये. फाइलला वर्ष, महिना, दिवस, गाव व गीतप्रकार या क्रमाने नाव दिल्यास हजार मुद्रणांतूनही हवे ते सापडते. ‘नवीन मुद्रण एक’ अशा नावाची फाइल चार महिन्यांनी कोणाच्याही उपयोगाची राहत नाही.

यंत्र बरेच दिवस वापरावयाचे नसेल तर त्यातील सेल काढून ठेवावेत. गळक्या सेलांनी यंत्र कायमचे निकामी होते. मायक्रोफोन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत आणि पुड्या वेळोवेळी सुकवाव्यात अथवा बदलाव्यात. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा संच बाहेर काढून चालवून पाहावा.

आवाज कोणाचा?

गीत परंपरेचे असले तरी गायन त्या व्यक्तीचे असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने कलावंतांच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क दिला आहे. मुद्रण कशासाठी होत आहे, ते कोठे ठेवले जाईल, कोण ऐकेल, हे गायिकेला तिच्या भाषेत समजावून संमती घ्यावी. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती यंत्रावरच, तिच्या शब्दांत घ्यावी. एखादे गीत मांडाबाहेर जाऊ नये असे तिने म्हटले, तर ते मान्य करावे. आणि मुद्रणाची एक प्रत त्या घरी, त्या वाड्यावर आवर्जून पोचवावी. वाड्याचा आवाज वाड्यालाच ऐकावयास मिळत नसेल तर संग्रह अपुराच राहील.

शाळांसाठी लहान संच

ज्या शाळांना एवढी सामग्री घेणे शक्य नाही, त्यांनी थांबण्याचे कारण नाही. भ्रमणध्वनी, त्याला जोडता येणारा एक छोटा मायक्रोफोन, फोमची टोपी, कानात घालण्याचा हेडफोन, वीज साठवणारी पॉवर बँक आणि एक वही एवढ्यावर विद्यार्थ्यांचा गट चांगले काम करू शकतो. फोन विमानप्रवासाच्या स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन मुद्रण तुटत नाही. तो हातात न धरता दुमडलेल्या टॉवेलवर ठेवावा, म्हणजे बोटांची खरखर येत नाही. आणि गायिकेच्या जवळ, सुमारे हातभर अंतरावर ठेवावा. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीपासून प्रारंभ करावा. शिक्षकांनी यादी, नोंदवही व प्रती यांची शिस्त मात्र मोठ्या संचाइतकीच कसोशीने पाळून घ्यावी. तालुक्यातील प्रत्येक शाळेने वर्षाकाठी दहा गीते नीट नोंदीसह मुद्रित केली, तरी काही वर्षांत त्या तालुक्याचा स्वतःचा ध्वनिसंग्रह उभा राहील.

पुढील पौषात मांड पुन्हा जागा होईल. त्यापूर्वीच्या एखाद्या निवांत दुपारी कपाटातील पिशवी उतरवावी, यादी वाचावी, सेल भरावेत आणि केबल तपासाव्यात. मांडावर गाणाऱ्या थोरल्या बायका वाट पाहत थांबणार नाहीत. तयार राहणे आपल्या हाती आहे.